‘आन’ आणि पोशाखी चित्रपटाला आलेला रंग

ज्या चित्रपटाची कथा एखाद्या काल्पनिक राज्यातील गादीचा वाद, तलवारबाजी, घोडदौड आणि राजकन्येचे प्रेम यांभोवती फिरते आणि ज्यातील काळ इतिहासाच्या कोणत्याही नेमक्या शतकात बसवता येत नाही, त्याला ‘पोशाखी’ चित्रपट म्हटले जाते. ऐतिहासिक चित्रपटाशी त्याचे नाते वेषभूषेपुरतेच असते. ऐतिहासिक चित्रपटाला बखरींची, वंशावळींची आणि प्रेक्षकांच्या अभिमानाची बंधने पाळावी लागतात, तर पोशाखी चित्रपटाला त्यांतले काहीच आड येत नाही. मोगली अंगरखा, राजपूत फेटा आणि युरोपीय पद्धतीचे उंच बूट एकाच दरबारात सुखाने नांदतात आणि त्याविषयी कोणी तक्रार करत नाही. ही मोकळीक हे या प्रकाराचे बळ होते आणि सुशिक्षित समीक्षकांनी त्याला बरीच वर्षे पंक्तीबाहेर ठेवण्याचे कारणही तेच होते. मेहबूब खान यांच्या १९५२ सालच्या ‘आन’ने हा प्रकार पंक्तीत आणून बसवला. त्यासाठी त्यांनी जे साधन वापरले ते रंगाचे होते, आणि तो रंग कसा मिळवला गेला व कोणत्या क्षणी पडद्यावर आला, या दोन्ही गोष्टी चित्रपटाच्या कथेइतक्याच लक्षणीय आहेत.

या प्रकाराची मुळे मूकपटांच्या काळात सापडतात. पारशी रंगभूमीवरील शहाजादे, परीकथांतील खजिने आणि दास्तानांतील साहसे यांचा साठा येथे होताच. त्यात १९२४ सालच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या डग्लस फेअरबँक्सच्या अमेरिकी मूकपटाने उड्या मारणाऱ्या, हसऱ्या, अंगाने लवचीक नायकाचा नमुना घालून दिला. मुंबईतील शारदा फिल्म कंपनीला हा नमुना हाती लागला तो एका मराठी नटाच्या रूपाने. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले मास्टर विठ्ठल हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील मारधाडपटांचे सर्वांत लोकप्रिय नायक ठरले आणि त्यांची तुलना फेअरबँक्सशी होऊ लागली. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटात त्यांना नायक म्हणून घेण्यात आले, तेव्हा शारदा कंपनीने कराराच्या मुद्द्यावर त्यांना न्यायालयात खेचले आणि त्यांच्या बाजूने बॅरिस्टर मोहम्मद अली जीना उभे राहिले, ही घटना या नटाचा बाजारभाव काय होता ते सांगण्यास पुरेशी आहे. बोलपट आल्यावर मात्र संवाद आणि गाणी यांना महत्त्व चढले आणि तलवारबाज नायक मागे पडत गेला. वाडिया बंधूंनी १९३५ साली ‘हंटरवाली’त नाडिया या अभिनेत्रीच्या हाती चाबूक देऊन हा प्रकार जिवंत ठेवला खरा, परंतु हे चित्रपट स्वस्तात, भराभर आणि पुढच्या बाकांवरील प्रेक्षकांसाठी बनतात असा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच. प्रभातच्या ‘अमरज्योती’सारखा (१९३६) एखादा अपवाद, ज्यात दुर्गा खोटे यांची सागरी लुटारू स्त्री अन्यायाविरुद्ध उभी राहते, सामाजिक आशयाच्या बळावर या शिक्क्यातून सुटला. खर्चाचे परिमाण खऱ्या अर्थाने बदलले ते मद्रासच्या जेमिनी स्टुडिओने. एस. एस. वासन यांच्या ‘चंद्रलेखा’ची हिंदी आवृत्ती १९४८ मध्ये देशभर गाजली आणि राजवाडे, सर्कस, तलवारी व भव्य नगारानृत्य यांच्यावर ओतलेला पैसा वसूल होऊ शकतो हे मुंबईच्या निर्मात्यांना दिसले. ‘चंद्रलेखा’ कृष्णधवल होता. त्याच्या पुढे जायचे तर एकच वाट उरली होती.

रंगाचे प्रयत्न तोवर झाले नव्हते असे नाही. प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात निर्मिलेल्या ‘सैरंध्री’ (१९३३) या कीचकवधावरील चित्रपटाच्या रंगीत प्रती करून घेण्यासाठी व्ही. शांताराम जर्मनीला गेले होते; रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रभातने तो नाद सोडला. १९३७ साली अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने ‘किसान कन्या’ हा मोती गिडवाणी दिग्दर्शित चित्रपट सिनेकलर या अमेरिकी पद्धतीने भारतातच तयार केला. या पद्धतीत कॅमेऱ्यातून दोन फिल्मा एकमेकींना चिकटून एकाच वेळी धावत. एकीवर तांबड्या-नारिंगी छटांची आणि दुसरीवर निळ्या-हिरवट छटांची नोंद होई आणि छापील प्रतीच्या दोन बाजूंवर हे दोन रंग उमटवले जात. मूळ रंग दोनच असल्यामुळे माणसाच्या कातडीचा रंग बरा येई, पण पानांचा खरा हिरवा किंवा जांभळा मिळणे अवघड होते. पहिला स्वदेशी रंगीत चित्रपट राजेरजवाड्यांचा नसून शेतकऱ्यांचा होता आणि त्याच्या लेखनात सआदत हसन मंटो यांचा हात होता, हा तपशील पुढील कथेच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रेक्षकांनी त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही. नंतर महायुद्ध आले, कच्च्या फिल्मचे, म्हणजे चित्रण न झालेल्या कोऱ्या फिल्मचे, वाटप सरकारी नियंत्रणाखाली गेले आणि रंगाचा विषय दशकभर मागे पडला. १९४८ मध्ये मोहन भवनानी यांनी ‘अजित’ हा चित्रपट १६ मिलिमीटर रुंदीच्या कोडाक्रोम फिल्मवर घेऊन नेहमीच्या ३५ मिलिमीटरवर मोठा करून दाखवला. व्यवसायाच्या दृष्टीने त्याची कामगिरी दखल घेण्याजोगी नसली, तरी या तोडग्याचे महत्त्व पुढे दिसून आले.

जगात त्या काळी रंगाचा मानदंड होता टेक्निकलर. त्याच्या मूळ पद्धतीत एका अवजड कॅमेऱ्यात तीन फिल्मा एकाच वेळी धावत, आलेला प्रकाश आत बसवलेल्या लोलकाने विभागला जाई आणि तांबडा, हिरवा व निळा यांची स्वतंत्र नोंद होई. छपाईचे तंत्र तर आणखीच वेगळे होते. प्रत्येक रंगासाठी जिलेटिनच्या उठावाचा एक साचा तयार करत, तो साचा रंगद्रव्यात भिजवत आणि एकामागून एक असे तीन साचे कोऱ्या फिल्मवर दाबून रंग उतरवत. म्हणजे चित्रपटाची प्रत ही छायाचित्रणापेक्षा ठशांच्या छपाईला जवळची होती. त्यामुळे टेक्निकलरच्या प्रतींतले रंग गडद, ठसठशीत आणि टिकाऊ असत. असे कॅमेरे विकत मिळत नसत. ते कंपनीच्या तंत्रज्ञांसह भाड्याने घ्यावे लागत, आणि काम झालेली फिल्म लंडनजवळच्या वेस्ट ड्रेटन येथील प्रयोगशाळेत पाठवावी लागे. फ्रेंच दिग्दर्शक जाँ रेन्वार यांनी ‘द रिव्हर’ हा इंग्रजी चित्रपट बंगालमध्ये टेक्निकलरमध्ये चित्रित केला, पण त्यामागे परदेशी भांडवल होते. मुंबईच्या निर्मात्याला ही चैन परवडणारी नव्हती.

मेहबूब खान यांनी आडवाटेने तेथे पोहोचायचे ठरवले. बडोदे संस्थानातील बिलिमोरा येथे जन्मलेला हा माणूस फारशा शालेय शिक्षणावाचून मुंबईत आला, इंपीरियल कंपनीत किरकोळ भूमिका करू लागला आणि १९२७ च्या ‘अलीबाबा’ मूकपटात चाळीस चोरांपैकी एक झाला. पोशाखी चित्रपटाचे व्याकरण त्यांनी असे आतून, गर्दीतला एक चेहरा म्हणून शिकून घेतले होते. सागर मूव्हीटोनमध्ये १९३५ साली त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘अल हिलाल’ हाही पोशाखीच होता. पुढे ‘औरत’ (१९४०), ‘अनमोल घडी’ (१९४६) आणि ‘अंदाज’ (१९४९) यांनी त्यांना पहिल्या रांगेत नेले, आणि कोयता-हातोडा हे चिन्ह धारण करणारी मेहबूब प्रॉडक्शन्स ही संस्था उभी राहिली. चिन्ह साम्यवादी असले तरी मालक धार्मिक वृत्तीचा होता; ही विसंगती त्यांच्या चित्रपटांतही आढळते. ‘आन’च्या कथेसाठी त्यांनी इंपीरियलमधील आपले ज्येष्ठ सहकारी आर. एस. चौधरी यांना घेतले, संवाद अली रझा यांनी लिहिले आणि कॅमेरा त्यांचे कायमचे छायालेखक फरदून इराणी यांच्याकडे राहिला.

तोडगा ‘अजित’सारखाच, पण त्याला मोठ्या प्रयोगशाळेची जोड होती. ‘आन’ १६ मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर चित्रित झाला आणि लंडनमध्ये ती फिल्म मोठी करून टेक्निकलर पद्धतीने ३५ मिलिमीटरच्या प्रती काढण्यात आल्या. १६ मिलिमीटर ही मुळात हौशी चित्रणासाठी, शाळांसाठी आणि माहितीपटांसाठी काढलेली फिल्म होती. तिच्या एका चौकटीचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या चौथाईपेक्षाही कमी भरते, त्यामुळे मोठ्या पडद्यावर ती ताणली गेली की चित्राचे कण दिसू लागतात आणि कडा मऊ पडतात. अमेरिकेत डिस्ने कंपनीने आपल्या वन्यजीवनपटांसाठी नेमकी हीच वाट धरली होती, परंतु तेथे विषय पक्षी आणि सील यांचा होता आणि प्रेक्षक तांत्रिक उणिवा माफ करण्यास तयार होते. मेहबूब यांनी ती वाट दरबार, सैन्य आणि शेकडो माणसांची गर्दी असलेल्या कथापटासाठी वापरली, हे धाडस होते. फायदेही होतेच. कॅमेरा हलका होता, तो घोडदौडीबरोबर आणि डोंगरउतारांवर नेता येत होता, आणि महागड्या परदेशी तंत्रज्ञांची फौज पोसावी लागत नव्हती. रंगीत फिल्मला त्या काळी उजेड पुष्कळ लागे. उन्हात घेतलेली बाह्यदृश्ये चित्रपटातील अनेक आतल्या दृश्यांपेक्षा सरस उतरली आहेत.

या बाह्यदृश्यांपैकी काही मध्य भारतातील नरसिंहगड या संस्थानाच्या परिसरात चित्रित झाली. तेथील किल्ला, तलाव आणि टेकड्या पडद्यावर कुठल्याशा निनावी राज्याच्या म्हणून दिसतात. प्रत्यक्षात ते संस्थान १९४८ मध्येच मध्यभारत संघात विलीन झाले होते. विलीनीकरण, म्हणजे साडेपाचशेहून अधिक संस्थानांचा भारतीय संघराज्यात झालेला समावेश, ही त्या वर्षांतील सर्वांत मोठी राजकीय उलथापालथ होती. मेहबूब ज्याचे प्रजाजन म्हणून जन्मले ते बडोदे १९४९ च्या मे महिन्यात आणि मराठी चित्रपटाला ज्याने आश्रय दिला ते कोल्हापूर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. ‘आन’ची कथा या संदर्भात पाहिली की तिचा निनावीपणा फसवा वाटू लागतो. राज्याचा वृद्ध महाराजा (मुराद) सत्ता प्रजेच्या हाती देऊ पाहतो; त्याचा भाऊ शमशेर सिंग (प्रेमनाथ) त्याला दूर करून गादी बळकावतो; शेतकरी कुळातला, पण स्वतःला योद्ध्यांचा वंशज मानणारा जय (दिलीप कुमार) राजकन्या राजश्रीचा (नादिरा) बेफाम घोडा वठणीवर आणतो, शमशेरला तलवारीत हरवतो आणि राजकन्येच्या गर्वाला आव्हान देतो. प्रजेला राज्य देणारा राजा ही कल्पना तेव्हाच्या प्रेक्षकाला परीकथा वाटण्याचे कारण नव्हते. सातारा भागातील औंध संस्थानाचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये आपल्या अधिकारांवर पाणी सोडून लोकनियुक्त कारभाराची घटना दिली होती. ‘आन’मधील महाराजा औंधच्या राजावरून घेतला असे म्हणण्यास आधार नाही, परंतु असे राजे होऊन गेले होते आणि शमशेरसारखे तर त्याहून पुष्कळ अधिक.

येथेच रंगाचे कार्य सुरू होते. कृष्णधवल चित्रपटात राजवाड्याचे वैभव प्रेक्षकाला निम्मे कल्पनेने भरून काढावे लागे. ‘आन’मध्ये गालिचे, पडदे, गणवेश आणि राजकन्येचे पोशाख आपापल्या रंगांनिशी समोर आले, आणि ज्या वर्षांत संस्थानिकांचे खरे वैभव सरकारी तनख्यावर, म्हणजे विलीनीकरणाच्या मोबदल्यात ठरलेल्या वार्षिक रकमेवर, येऊन ठेपले होते त्याच वर्षांत ते तिकीट काढणाऱ्या कोणालाही तीन तास पाहायला मिळाले. राजवाड्याला दिलेला हा रंग मेहबूब यांनी खेड्यालाही तितक्याच उदारपणे दिला. चित्रपटात होळीचे गाणे आहे, आणि रंगीत फिल्मवर होळी दाखवण्याचा मोह पुढील हिंदी चित्रपटाला कधी आवरला नाही, हे सर्वज्ञात आहे. ‘किसान कन्या’चा शेतकरी आणि ‘चंद्रलेखा’चा राजवाडा असे एका कथेत भेटले. या भेटीत शेतकऱ्याची बाजू न्याय्य ठरवली असली तरी कॅमेऱ्याचे डोळे राजवाड्यावरच अधिक रेंगाळतात, हे मात्र मान्य करावे लागते. लोकशाहीचा पुरस्कार करणारा हा चित्रपट राजेशाहीच्या दर्शनावर जगतो.

त्याहून मोठी अडचण राजश्रीच्या कथेत आहे. जय तिचे हरण करतो, तिला खेड्यात आणून सामान्य स्त्रीचे कष्ट करायला लावतो आणि तिचा अहंकार गळून पडला की तिचे प्रेम उमलते, अशी ही रचना आहे. संस्थानी सत्तेचा माज उतरवणे आणि स्त्रीला नमवणे या दोन भिन्न गोष्टी पटकथेने एक करून टाकल्या आहेत. नादिरा यांचे मूळ नाव फ्लॉरेन्स इझिकेल. बगदादी यहुदी कुटुंबातील या तरुणीचा हा पहिलाच महत्त्वाचा चित्रपट, आणि या भूमिकेसाठी आधी नर्गिस यांचा विचार झाला होता. उंचावलेली भुवई आणि ताठ मान यांच्या आधारे नादिरा यांनी राजश्रीचा पूर्वार्ध इतका प्रभावी केला आहे की उत्तरार्धातील नमती राजश्री तिच्यापुढे फिकी वाटते. जिवंतपणात दोघींत सरस ठरते ती निम्मी यांची मंगला, जयवर मनापासून प्रेम करणारी आणि शमशेरच्या तावडीत सापडून मृत्यू पावणारी खेडवळ मुलगी. निम्मी तेव्हा इतक्या लोकप्रिय होत्या की मंगला फार लवकर मरते अशी वितरकांची व भांडवल पुरवणाऱ्यांची तक्रार आली आणि तिच्यासाठी एक वैभवशाली स्वप्नदृश्य वाढवण्यात आले. खेड्यातील मुलगी स्वप्नात राणी होते. कथेला या दृश्याची गरज नव्हती. रंगाला मात्र होती. दिलीप कुमार यांच्याविषयी वेगळे सांगायचे ते इतकेच की ‘मेला’, ‘अंदाज’, ‘दीदार’ यांतील शोकात्म नायक येथे प्रथमच घोड्यावर बसून हसताना दिसला, आणि मास्टर विठ्ठल यांच्या वाट्याला कधी न आलेली अभिनयाची प्रतिष्ठा त्याने मारधाडीच्या नायकाला मिळवून दिली.

संगीत नौशाद यांचे आणि गीते शकील बदायुनी यांची होती. मोहम्मद रफी, लता मंगेशकर आणि शमशाद बेगम यांच्या आवाजांतील गाण्यांना रागदारीचा पाया आहे, तर त्यांभोवती सुमारे शंभर वादकांच्या वाद्यवृंदाचा पाश्चात्त्य धाटणीचा विस्तार आहे. पोशाखात जशी सरमिसळ तशीच ती स्वरांतही आहे आणि कानाला ती डोळ्यांपेक्षा कमी खटकते.

प्रती लंडनमध्ये निघत असल्याने प्रदर्शनाचा विचारही तेथूनच सुरू झाला. जुलै १९५२ मध्ये लंडनच्या रिआल्टो चित्रपटगृहात ‘आन’चा पहिला खेळ झाला आणि त्यासाठी मेहबूब, त्यांच्या पत्नी सरदार अख्तर आणि निम्मी तेथे गेले होते. इंग्रजीभाषक प्रेक्षकांसाठी त्याचे नाव ‘द सॅव्हेज प्रिन्सेस’ असे ठेवले गेले, फ्रान्समध्ये तो मंगलाच्या नावाने दाखवला गेला आणि तमिळमध्ये त्याचे भाषांतरित ध्वनिमुद्रण झाले. इंग्रजी नाव राजश्रीच्या बाजूने आणि फ्रेंच नाव मंगलाच्या बाजूने झुकते, हा योगायोग असला तरी गमतीचा आहे. हॉलिवूडचे दिग्दर्शक सेसिल बी. डीमिल यांनी मेहबूब यांना पत्र लिहून चित्रपटाची प्रशंसा केली; भव्य गर्दी आणि वेषभूषा यांवर हयात घालवलेल्या माणसाची ती पावती होती. देशात ‘आन’ त्या काळातील सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत गणला गेला.

लगेच पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, सोहराब मोदी यांची ‘झाँसी की रानी’ आली. मोदी यांनी तोडगा न स्वीकारता खरे टेक्निकलर मुंबईत आणले, ‘गॉन विथ द विंड’च्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळवणारे अर्नेस्ट हॅलर यांना पाचारण केले, आणि राणी लक्ष्मीबाईंची भूमिका मेहताब यांनी केली. तंत्राच्या दृष्टीने तो ‘आन’पेक्षा निःसंशय वरचढ होता. तरीही तो पडला आणि मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनला त्याचा मोठा फटका बसला. ज्या राणीची गाथा महाराष्ट्रातील आणि बुंदेलखंडातील लोकांना मुखोद्गत होती तिच्यापेक्षा नाव-गाव नसलेल्या राज्याची राजकन्या प्रेक्षकांनी पसंत केली, याचे कारण केवळ गाण्यांत शोधणे पुरेसे नाही. लक्ष्मीबाईंचा शेवट सर्वांना ठाऊक होता आणि तो बदलता येत नव्हता. पोशाखी चित्रपटात शमशेर हरतो आणि शेतकऱ्याचा मुलगा राजवाड्यात शिरतो.

रंगाचा मार्ग त्यानंतर सोपा होत गेला. बेल्जियममधील गेव्हर्ट कंपनीच्या गेवाकलर फिल्मवर ३५ मिलिमीटरमध्येच चित्रण करणे शक्य झाले आणि मेहबूब यांनी स्वतः ‘मदर इंडिया’ (१९५७) गेवाकलरवर घेऊन त्याच्या प्रती टेक्निकलरमध्ये काढून घेतल्या. त्यात राजवाडा उरला नव्हता, सारा रंग शेतातल्या मातीला, पुराला आणि होळीला दिलेला होता. व्ही. शांताराम यांनी ‘सैरंध्री’नंतर दोन दशकांनी ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये (१९५५) रंगाशी राहिलेला हिशेब चुकता केला. पोशाखी साहसपट मात्र पुन्हा खाली घसरला. सातव्या दशकात दारा सिंग यांच्या नावावर चालणारे असे चित्रपट बहुधा कृष्णधवलच असत, कारण रंगीत फिल्म आयात करावी लागे आणि ती मोठ्या निर्मात्यांकडे जाई. संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले, आणि त्यानंतर सहा वर्षांनी मनमोहन देसाई यांच्या ‘धरम वीर’मध्ये मग्रूर राजकन्या आणि तिला वठणीवर आणणारा सामान्य घरात वाढलेला नायक पुन्हा पडद्यावर आले. तलवारी, घोडे आणि सरमिसळ पोशाख सगळे तेच होते, रंगही आता सहज उपलब्ध होता. प्रजेला राज्य देऊ पाहणारा महाराजा तेवढा त्या कथेत कोणाला हवासा वाटला नाही.